युद्ध लागलं आणि वैमानिक एकाएकी चुकायला लागले का?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, म्हणजे १९३९ ते १९४२ च्या दरम्यान, प्रवासी आणि वाहतूक विमानांना झालेल्या अपघातांची जंत्री चाळली तर शत्रूने पाडलेली विमानं त्यात कमी दिसतात. बाकीच्यांपुढे ‘वैमानिकाची चूक’, ‘डोंगरावर आदळलं’, ‘बेपत्ता’ असेच शेरे आहेत. शांततेच्या काळात हजारो तास सुखरूप उडवणारी ही माणसं युद्ध लागताच एवढी चुकायला कशी लागली?

मी नोकरीची सगळी वर्षं उड्डाण-सुरक्षेच्या कामात काढली. अपघाताची फाइल हातात आली की निष्कर्षाचं पान मी शेवटी वाचतो. आधी हवामानाचा कागद, मग भाराचा हिशेब, मग फ्लाइट प्लॅन, मग कोण किती वाजता काय बोललं त्याची नोंद. त्या काळातल्या ज्या चौकश्यांचे निष्कर्ष छापून आले, तेही मी याच सवयीने वाचले. त्यावरून माझं मत स्पष्ट झालं आहे. माणसं तीच होती आणि चुकाही तशाच होत्या. वैमानिक आधीही चुकायचा, पण चुकीचा आकडा कागदावर पडला तरी बाहेरचा दिवा सांगायचा, रेडिओ सांगायचा, खालचं गाव ओळखीचं असायचं, शेजारी बसलेला बोलायचा. युद्धाने या सांगणाऱ्यांना एकेक करून गप्प केलं, आणि मग एकच चूक थेट डोंगरापर्यंत पोहोचू लागली.

सगळ्यात नीट कागदपत्रं असलेलं प्रकरण घेऊ. १६ जानेवारी १९४२, टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीची फ्लाइट ३, डग्लस डीसी-३ विमान. हा अपघात लोकांना आठवतो तो कॅरोल लोम्बार्ड या हॉलिवूडच्या अभिनेत्रीमुळे. इंडियानापोलिसला युद्धरोख्यांच्या विक्रीचा मोठा कार्यक्रम करून ती आईबरोबर लॉस एंजेलिसकडे परत निघाली होती. वाटेत अल्बुकर्कीला लष्कराचे १५ जण चढले. त्यांना जागा करून देण्यासाठी इतर प्रवाशांना उतरवण्यात आलं. उतरणाऱ्यांत व्हायोलिनवादक योझेफ सिगेटी होते. लोम्बार्डने आपण सरकारी कामावर आहोत असं सांगून जागा सोडली नाही. युद्धातली प्राधान्याची पद्धत अशी होती: कोण बसणार, कोण उतरणार हे आयत्या वेळी ठरायचं, आणि त्याबरोबर विमानाचं वजन, इंधन आणि थांबा हेही बदलायचं.

इंधनासाठी नेहमीचा थांबा बोल्डर सिटी. पण उशीर होऊन अंधार पडणार होता, आणि बोल्डर सिटीच्या धावपट्टीवर रात्रीचे दिवे नव्हते. म्हणून थांबा लास व्हेगासला हलवला. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत. अल्बुकर्कीला भरलेल्या फ्लाइट प्लॅनमध्ये मात्र पुढच्या टप्प्यासाठी दिशा लिहिली होती २१८ अंश आणि उंची ८,००० फूट. बोल्डर सिटीहून लॉस एंजेलिसजवळच्या बरबँककडे जायला हा आकडा अगदी योग्य आहे, त्या वाटेवरची जमीन ६,००० फुटांच्या आतच आहे. लास व्हेगासहून हीच दिशा धरली तर नाकासमोर पोटोसी डोंगर येतो, त्याचा माथा सुमारे ८,५०० फूट.

संध्याकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी विमान लास व्हेगासहून उठलं. हवा स्वच्छ होती. साधारण पाव तासात ते पोटोसीच्या कड्यावर सुमारे ७,७७० फुटांवर आदळलं. विमानात २२ जण होते, कुणीही वाचलं नाही.

आता इथे थांबून एक गोष्ट बारकाईने बघा, कारण मला या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. चौकशी करणाऱ्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने नुसतं ‘आकडा चुकला’ म्हणून फाइल बंद केली नाही. त्यांनी त्याच कंपनीचे इतर उड्डाणांचे जुने फ्लाइट प्लॅन मागवले. त्यांत दुसऱ्याच वैमानिकांनी भरलेला एक कागद निघाला, आणि त्यावरही लास व्हेगासहून निघताना २१८ अंशच लिहिलेले होते. त्या कॅप्टनला साक्षीला बोलावलं. म्हणजे हातात बसलेला बोल्डरचा आकडा लास व्हेगासच्या रकान्यात उतरणं ही एका माणसाची एका रात्रीची विसर नव्हती. त्या मार्गावर ही चूक आधीही झाली होती आणि कुणाच्या लक्षात न येता जिरली होती.

ती जिरायची कशी? त्या काळी अमेरिकेत हवाई मार्गांवर ठरावीक अंतरावर फिरते दिवे असत. स्वच्छ रात्री वैमानिक एका दिव्यावरून पुढचा दिवा पकडत जायचा. कागदावर काहीही लिहिलेलं असो, दिव्यांची ओळ डावीकडे सरकू लागली की हात आपोआप सुकाणूवर जायचा. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्याकडच्या भागात, जपानी बॉम्बर आलेच तर त्यांना वाट दिसू नये म्हणून, हे दिवे विझवले गेले. फ्लाइट ३ च्या वाटेवरचे बहुतेक दिवे त्या रात्री बंद होते.

दुसरा आधार रेडिओ रेंजचा. त्याचं काम कसं चालायचं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचा मुद्दा कळणार नाही. जमिनीवरचं केंद्र दोन मोर्स अक्षरं पाठवायचं, एका बाजूला ‘डिट-डा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘डा-डिट’. वैमानिक बरोबर मार्गावर असला की दोन्ही एकमेकांत मिसळून कानात एकसारखा सूर ऐकू यायचा. थोडा उजवीकडे गेला की एक अक्षर वर यायचं, डावीकडे गेला की दुसरं. हे ऐकायला हेडफोन लावून लक्ष द्यावं लागतं, आणि स्वच्छ हवेत, माहितीच्या वाटेवर, पंधरा मिनिटांच्या चढाईत ते न ऐकणाराही वैमानिक असतो. लास व्हेगासची रेंज त्या रात्री चालू होती. म्हणून बोर्डाने मुख्य कारण वैमानिकावर ठेवलं: हाताशी असलेल्या साधनांचा वापर करून त्याने योग्य मार्ग राखला नाही. पण त्याला लागूनच हातभार लावणारी कारणं नोंदवली. चुकीची दिशा, युद्धामुळे विझवलेले दिवे, आणि ठरलेल्या हवाई मार्गातच राहण्याच्या कंपनीच्या आदेशाचं पालन न होणं.

तुम्ही पाहिलेल्या जंत्रीत यातलं फक्त पहिलं वाक्य उतरलं आहे.

असाच दुहेरी निष्कर्ष वर्षभर आधीच्या, अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच्या एका अपघातात आहे. तो मुद्दाम सांगतो, म्हणजे सगळा दोष युद्धावर ढकलतोय असं वाटणार नाही. २६ फेब्रुवारी १९४१ ला ईस्टर्न एअर लाइन्सची फ्लाइट २१ अटलांटाला उतरताना झाडांत घुसली. १६ पैकी ८ जण गेले. कंपनीचे प्रमुख एडी रिकनबॅकर, पहिल्या महायुद्धातले नावाजलेले लढाऊ वैमानिक, याच विमानात होते आणि जबर जखमी होऊन वाचले. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. खालच्या विमानतळावरचा दाब त्यात नीट लावला नाही तर काटा खोटी उंची दाखवतो. दहा मिलिबारचा फरक म्हणजे ढोबळमानाने ३०० फूट. चौकशीत ठपका आला तो कॅप्टनने उतरण्याआधी दोन्ही उंचीमापक तपासले नाहीत यावर. पण सोबत हेही लिहिलं की दोघा वैमानिकांनी मिळून उतरण्यापूर्वी सगळी उपकरणं तपासण्याची ठरावीक पद्धतच त्या कंपनीत नव्हती, आणि अपघातात तिचा मोठा वाटा होता. आज कॉकपिटमध्ये एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं हा शिरस्ता आपण गृहीत धरतो. १९४१ मध्ये तो सगळीकडे नव्हता. युद्धाने ज्या व्यवस्थेवर घाव घातला ती मुळातच अर्धी उभी होती, हे ध्यानात ठेवा.

आता अटलांटिककडे वळू. इथे हवामानाचा प्रश्न येतो. युद्धापूर्वी समुद्रावरची व्यापारी जहाजं हवेच्या नोंदी वायरलेसवरून पाठवायची आणि त्यांवर अंदाज बांधले जायचे. युद्ध लागताच, पाणबुड्यांना ठावठिकाणा कळू नये म्हणून, ही जहाजं गप्प झाली. नेमक्या याच काळात अमेरिकेत बांधलेली बॉम्बर विमानं उडवत इंग्लंडला पोहोचवण्याचं काम सुरू झालं. १० नोव्हेंबर १९४० च्या रात्री न्यूफाउंडलंडमधल्या गँडरहून सात हडसन विमानांची पहिली तुकडी निघाली, नेतृत्व डॉन बेनेट यांचं. सातही सुखरूप उतरली. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडणं त्याआधी जवळजवळ अशक्यच मानलं जात होतं. (त्याआधी काही महिने तर अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्यामुळे ही विमानं सीमेपर्यंत उडवत आणून घोड्यांनी ओढून कॅनडात न्यावी लागत होती.)

याच साखळीतल्या एका हडसनमध्ये फेब्रुवारी १९४१ मध्ये सर फ्रेडरिक बँटिंग बसले होते. इन्सुलिनच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले डॉक्टर. गँडरहून निघाल्यावर एक इंजिन बंद पडलं, परत वळल्यावर दुसरंही साथ सोडून गेलं, आणि विमान मसग्रेव्ह हार्बरजवळच्या रानात कोसळलं. नॅव्हिगेटर आणि रेडिओ ऑपरेटर गेले. बँटिंगही २१ फेब्रुवारीला गेले. एकटा वैमानिक वाचला. कडाक्याच्या थंडीत महासागरावर पाठवलेलं हे विमान मुळात मध्यम पल्ल्याच्या प्रवासी विमानावरून घडवलेलं होतं. त्याच्या इंजिनांकडून जे मागितलं जात होतं ते शांततेच्या काळात कुणी मागितलं नसतं, आणि प्रवासी म्हणून कुणाला त्यात बसवलंही नसतं.

विमानं पोहोचवून झाली की वैमानिकांना परत न्यायचं कसं? बोटीने गेलं तर आठवडे मोडतात. म्हणून लिबरेटर बॉम्बरमधून त्यांना परत नेण्याची सेवा निघाली. आसनं नाहीत, बॉम्बच्या कप्प्यात फळ्या टाकून गाद्या अंथरलेल्या, अंगावर जाड कपडे, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि असे तासन् तास. १० ऑगस्ट १९४१ ला स्कॉटलंडमधल्या एअर या गावाजवळच्या तळावरून निघालेलं असं एक लिबरेटर समोरच्याच अरन बेटाच्या डोंगरावर ढगांत आदळलं. २२ जण ठार. चार दिवसांनी, १४ ऑगस्टला, त्याच तळावरून उठतानाच दुसरं लिबरेटर कोसळलं. पुन्हा २२. त्यात अमेरिकेकडून ब्रिटनसाठी युद्धसाहित्य मिळवण्याच्या कामाचे प्रमुख आर्थर पर्व्हिस होते. १ सप्टेंबरला तिसरं, माँट्रियलहून येणारं, किनटायरच्या टेकडीवर आदळलं. १० जण गेले.

अरनचा सर्वोच्च माथा, गोट फेल, २,८६६ फुटांचा आहे. हिमालयाच्या मानाने काहीच नाही. पण तळ समुद्राकाठी, डोंगर खाडीपलीकडे, विमान इंधनाने काठोकाठ भरलेलं, म्हणून चढायला जड, आणि माथे ढगात. या तिन्ही अपघातांत वैमानिकांना नवखं म्हणणं अन्यायाचं आहे. गेलेल्यांमध्ये कित्येक जण अनुभवी नागरी वैमानिक आणि रेडिओ ऑपरेटर होते. एका फेरीत वीसएक प्रशिक्षित माणसं एकाच विमानात भरायची ही पद्धत त्या ऑगस्टमध्ये किती महाग पडली ते आकडेच सांगतात.

हडसनचा विषय निघाला आहे तर ऑस्ट्रेलियातला कॅनबेराचा अपघातही घ्यायला हवा. १३ ऑगस्ट १९४०. मेलबर्नहून आलेलं ऑस्ट्रेलियन हवाई दलाचं हडसन कॅनबेराला उतरण्याच्या बेतात होतं. आत दहा जण: तीन मंत्री, म्हणजे हवाई खात्याचे जेम्स फेअरबेर्न, लष्कराचे जेफ्री स्ट्रीट आणि सर हेन्री गलेट, त्यांच्याबरोबर लष्करप्रमुख जनरल सर ब्रुडनेल व्हाइट, आणखी दोन अधिकारी-सहायक आणि चौघे कर्मचारी. विमानतळाजवळच्या टेकडीमागे ते खाली गेलं, आदळलं आणि पेटलं. दहाही गेले.

हवा चांगली होती. शत्रू हजारो मैल लांब. मग झालं काय? चौकशीचा रोख स्टॉलकडे होता. पंख हवेला ठरावीक कोनात कापतो तोवर विमान तरंगतं. वेग कमी झाला, नाक वर गेलं, की एका हद्दीनंतर पंखावरची हवा सुटते आणि उचल एकदम संपते. हे सगळ्याच विमानांना लागू आहे. फरक असतो तो इशाऱ्यात. जुनी दुपंखी विमानं स्टॉलआधी बराच वेळ थरथरायची, ढिली व्हायची, वैमानिकाला सावध करायची. हडसन ही लॉकहीड-१४ या वेगवान प्रवासी विमानाची लष्करी आवृत्ती, पंख त्या मानाने लहान आणि भार जास्त. स्टॉल झाला की पंखाचं टोक आधी सुटायचं आणि विमान झटकन एका कुशीवर पडायचं. हजार-दोन हजार फुटांवर असाल तर सावरता येतं. उतरताना, तीनशे फुटांवर, सावरायला खाली जागाच नसते.

ऑस्ट्रेलियात हडसन येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. हवाई दल झपाट्याने वाढत होतं, आणि जुन्या विमानांवर हात बसलेल्या वैमानिकांना थोडक्या तासांत या नव्या जातीवर आणलं जात होतं. फेअरबेर्न स्वतः वैमानिक होते, म्हणून तेच चालवत होते अशी कुजबुज पुढे वर्षानुवर्षं चालू राहिली, पण चौकशीत ते सिद्ध झालं नाही, आणि मला त्या वादात फारसा रस नाही. मंत्री चालवत असो वा नेमलेला वैमानिक, उतरण्याच्या वेगाला हे विमान किती नाजूक आहे हे अंगवळणी पडायला जे तास लागतात ते त्या वर्षी कुणाजवळच पुरेसे नव्हते. सरकारचे तीन मंत्री आणि लष्करप्रमुख एकाच नव्या जातीच्या विमानात बसवण्याचा निर्णय वैमानिकाचा नव्हता, हेही विसरू नका. पंतप्रधान मेन्झीस यांच्या सरकारला तो धक्का कधीच पुरता भरून काढता आला नाही. पुढच्या वर्षी ते पायउतार झाले.

आपल्याकडे वाचणाऱ्यांना हे सगळं लांबचं वाटेल, म्हणून भारताशी थेट जोडलेलं एक प्रकरण. इम्पीरियल एअरवेजची हॅनिबल जातीची चार इंजिनांची अवाढव्य दुपंखी विमानं कराची-कैरो मार्गावर बरीच वर्षं चालली. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास, पण भरवसा असा की शांततेच्या काळात त्यांच्यातल्या एकाही प्रवाशाचा जीव गेला नव्हता. १ मार्च १९४० ला त्यांतलं पहिलं, खुद्द ‘हॅनिबल’ नावाचं विमान, इराणच्या किनाऱ्यावरच्या जास्कहून शारजाकडे निघालं आणि ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. चार कर्मचारी, चार प्रवासी. प्रवाशांत मद्रास प्रांताचे माजी मंत्री, जस्टिस पार्टीचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून नेमणूक झाल्यामुळे ते लंडनला निघाले होते. ना अवशेष सापडले, ना कारण ठरलं.

अशा फाइलवर मी कधीही तर्क लढवत नाही. एवढंच नोंदवतो की दहा वर्षांच्या वयाकडे झुकलेली ही विमानं युद्ध नसतं तर एव्हाना निवृत्त झाली असती. नवी विमानं लष्कराने घेतली, आणि नागरी मार्गांवर जुनी तशीच राबत राहिली. अपघाताच्या कागदावर हे कारण म्हणून कुठेच येत नाही.

दुसरं नाव नेव्हिल व्हिन्सेंट यांचं. जेआरडी टाटांबरोबर ज्यांनी टाटांची हवाई टपाल सेवा उभी केली ते हेच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणलं, आणि तिथून पुढे बेल्लारी-मद्रासपर्यंत ते नेलं व्हिन्सेंटनी. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात बुडायचं, तेव्हा सगळा बाडबिस्तरा उचलून पुण्याला येरवड्याकडच्या मोकळ्या जागेवर जायचा. धावपट्टी साथ देत नाही तर तिथून उडायचं नाही, हा निर्णय घ्यायला तेव्हा मोकळीक होती. युद्धात पुण्यात विमानं बांधण्याचा कारखाना काढायचा टाटांचा बेत होता, त्या कामासाठी व्हिन्सेंट इंग्लंडला गेले. परतीसाठी ब्रिटिश हवाई दलाच्या एका हडसनमध्ये जागा मिळाली, आणि जानेवारी १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ते विमान पाडलं गेलं. नागरी विमानसेवेचा बांधणारा माणूस लष्करी विमानातून प्रवास करताना गेला. या काळात ‘नागरी’ आणि ‘लष्करी’ ही सीमारेषा प्रवाशासाठी किती पुसट झाली होती ते यावरून कळतं.

आता शत्रूने पाडलेल्या विमानांबद्दल. तुमचं निरीक्षण अमेरिकेपुरतं आणि अटलांटिकच्या विमानवाहतुकीपुरतं बरोबर आहे. चीन आणि जावा-तिमोरकडच्या समुद्रावर ते लागू पडत नाही. युरोपात युद्ध लागण्याआधीच, २४ ऑगस्ट १९३८ ला, हाँगकाँगहून निघालेलं ‘क्वेलिन’ नावाचं चिनी प्रवासी डीसी-२ जपानी लढाऊ विमानांनी नदीत उतरायला लावलं आणि उतरल्यावरही त्यावर गोळ्या झाडल्या. वैमानिकासह तिघेच वाचले. ते विमान बाहेर काढून, दुरुस्त करून, ‘चुंगकिंग’ या नव्या नावाने पुन्हा उडवलं गेलं, आणि ऑक्टोबर १९४० मध्ये जपान्यांनी पुन्हा उद्ध्वस्त केलं. सप्टेंबर १९३९ मध्ये तटस्थ हॉलंडच्या केएलएमच्या विमानावर जर्मन विमानाने गोळ्या झाडल्या आणि एक प्रवासी दगावला. त्यानंतर केएलएमने आपली विमानं भडक नारिंगी रंगवून त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘हॉलंड’ लिहिलं. ३० जानेवारी १९४२ ला तिमोरच्या कुपांगजवळ ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं ‘कोरिओ’ हे पाण्यावर उतरणारं विमान जपानी झीरो विमानांनी पाडलं. १८ पैकी १३ जण गेले.

पाडल्या गेलेल्या विमानांपैकी ‘कलेवा’ या फिनिश प्रवासी विमानाचं प्रकरण मला सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. १४ जून १९४०, फिनलंडच्या कंपनीचं युंकर्स-५२ टालिनहून हेलसिंकीला निघालं. फिनलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात तेव्हा तह झालेला होता. उठल्यावर काही मिनिटांतच दोन सोव्हिएत बॉम्बर विमानांनी ते पाडलं. नऊही जण गेले, त्यांत अमेरिकेचा राजनैतिक टपाल नेणारा कर्मचारी होता. समुद्रावर तरंगणारं टपाल सोव्हिएत पाणबुडीने उचलून नेलं. फिनलंडच्या सरकारला काय घडलं ते माहीत होतं, तरी शेजाऱ्याच्या धाकाने त्यांनी जाहीर निषेध केला नाही. तीन दिवसांत एस्टोनिया सोव्हिएत फौजांच्या ताब्यात गेला. वैमानिकाच्या बाजूने या अपघातात काहीही चुकलं नव्हतं, पण खरं कारण कागदावर येऊ शकलं नाही. तुमच्या जंत्रीतल्या ‘बेपत्ता’ आणि ‘अज्ञात’ या शेऱ्यांमागे असाही एखादा असतो.

याच्या अगदी उलट टोकाला २३ ऑक्टोबर १९४२ चा कॅलिफोर्नियातला अपघात आहे. अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-३ ला पाम स्प्रिंग्जजवळ लष्कराच्या बी-३४ बॉम्बरने मागून धडक दिली. विमानातले बाराही जण ठार झाले, बॉम्बर मात्र सुखरूप उतरला. बॉम्बरचा तरुण वैमानिक आणि प्रवासी विमानाचा सहवैमानिक एकमेकांच्या ओळखीचे होते. वाटेत एकमेकांना खूण करायची असं आदल्या रात्री त्यांचं बोलणं झालं होतं. पहिल्यांदा पंख हलवून ओळख पटली नाही म्हणून तो आणखी जवळ गेला. इथे दोष कुणाचा ते स्पष्ट आहे आणि बोर्डाने ते कडक शब्दांत लिहिलं. तरीही मला दिसतं ते हे: काही महिन्यांपूर्वीपर्यंत नागरी कंपन्यांपुरतं असलेलं आकाश आता शेकडो नव्या लष्करी वैमानिकांनी भरलं होतं, आणि दोघांना वेगळं ठेवणारी देखरेख त्या वेगाने वाढली नव्हती.

तुम्ही या काळाचा अभ्यास पुढे नेणार असाल तर सुरुवात फ्लाइट ३ च्या अहवालाने करा, मग कॅनबेरा, मग अटलांटिक. प्रत्येक प्रकरणात निष्कर्षाचं पहिलं वाक्य झाकून ठेवा आणि ‘हातभार लावणारी कारणं’ आधी वाचा. त्या रात्री कोणते दिवे बंद होते, हवेची शेवटची नोंद किती जुनी होती, वैमानिकाचे त्या जातीच्या विमानावरचे तास किती, थांबा आयत्या वेळी कुणी बदलला, आणि त्या मार्गावर तीच चूक आधी कुणी केली होती का, हे पाच रकाने आखा. शेवटचा रकाना भरणं सर्वांत अवघड आहे, कारण जी उड्डाणं सुखरूप उतरली त्यांचे कागद सहसा कुणी मागवत नाही. १९४२ मध्ये बोर्डाने ते मागवले, म्हणून २१८ चा दुसरा कागद सापडला.